गोदावरी परुळेकर

गोदावरी शामराव परुळेकर (१४ ऑगस्ट १९०७ – ८ ऑक्टोबर १९९६) या मराठी लेखिका, स्वातंत्र्यसैनिक, शेतकरी नेत्या व कम्युनिस्ट कार्यकर्त्या होत्या. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे मुख्यतः आजच्या पालघर जिल्ह्यातील, वारली व इतर आदिवासींची किसान सभेच्या माध्यमातून संघटना बांधून वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्ध १९४५ साली सुरू झालेल्या लढ्याचे नेतृत्व त्यांनी पती शामराव परुळेकर यांच्यासह केले. या लढ्यावरील त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. आदिवासींमध्ये त्या ‘गोदाराणी’ या नावाने ओळखल्या जात.

बालपण व शिक्षण

गोदावरीबाईंचा जन्म पुणे येथे सुखवस्तू गोखले कुटुंबात झाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे नातलग. वडील लक्ष्मणराव गोखले हे पुण्यातील नामांकित वकील असून राजकीय विचारांनी नेमस्त होते. घरात शिक्षणाला प्रतिष्ठा होती. गोदावरीबाईंनी फर्ग्युसन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांत पदवी घेतली व त्यानंतर कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

विद्यार्थिदशेतच त्या स्वातंत्र्य चळवळीकडे ओढल्या गेल्या. सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल १९३२ साली त्यांना तुरुंगवास झाला. सरकारदरबारी मान असलेल्या वडिलांना हे मान्य झाले नाही आणि सुटकेनंतर त्यांना घराचे दार बंद झाले. वकिलीचा व्यवसाय व घरचा आधार दोन्ही सोडून त्या मुंबईला आल्या व सार्वजनिक कामाला लागल्या.

भारत सेवक समाज व मुंबईतील कार्य

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात गोदावरीबाईंनी प्रवेश केला. या संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य होत. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे पहिले मंत्रिमंडळ आल्यानंतर मुंबई शहरात प्रौढ साक्षरतेची मोहीम हाती घेण्यात आली. तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. वस्त्यावस्त्यांतून साक्षरतेचे वर्ग चालवताना कामगार कुटुंबांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले. १९३८ साली त्यांनी मुंबईतील घरकामगारांची संघटना उभी केली. घरगड्याच्या कामाला तोपर्यंत नोकरी असे कोणी मानत नव्हते. कामाचे तास, पगार व रजा यांविषयी मागण्या मांडणारी ही संघटना त्या काळात नवी होती.

याच सुमारास ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांमध्ये त्यांनी कामास आरंभ केला आणि शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा संघटित केला. समाजातील त्यांचे सहकारी शामराव परुळेकर हे १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते व कोकणातील खोतीविरोधी चळवळीत अग्रभागी होते. १९३९ साली गोदावरीबाई व शामराव यांचा विवाह झाला. मार्क्सवादाचा अभ्यास व कामगार-शेतकऱ्यांमधील अनुभव यांमुळे भारत सेवक समाजाची सनदशीर सेवेची चौकट दोघांनाही अपुरी वाटू लागली. ती संस्था सोडून त्यांनी भारतीय कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. दुसऱ्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल १९४० ते १९४२ या काळात दोघेही तुरुंगात होते. सुटकेनंतर त्यांनी किसान सभेचे काम पूर्णवेळ पत्करले.

ठाणे जिल्ह्यातील आदिवासींची स्थिती

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व भागातील उंबरगाव, डहाणू, पालघर, वाडा, जव्हार, मोखाडा हा डोंगराळ, जंगलाने व्यापलेला प्रदेश वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या जमातींचा. पूर्वी या जमाती जमीन कसून, जंगलातील उपजावर व शिकारीवर निर्वाह करीत. ब्रिटिश अमलात रोख सारा, सावकारी कर्ज व जंगलखात्याचे निर्बंध आल्यानंतर बहुतेक जमिनी सावकार, जमीनदार व जंगल ठेकेदार यांच्या हाती गेल्या आणि मूळ कसणारे त्याच जमिनींवर कुळे किंवा मजूर झाले.

पावसाळ्यात घरातील धान्य संपले की आदिवासी कुटुंब जमीनदाराकडून ‘खावटी’, म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य, घेई. सुगीत ते व्याजासह, बहुधा दीडपट-दुपटीने, परत करावे लागे. जमीनदाराने बोलावताच त्याच्या शेतावर, घरी किंवा जंगलात विनामोबदला राबावे लागे, ही ‘वेठ’. लग्नासाठी थोडी रक्कम कर्जाऊ घेणारा तरुण कर्ज फिटेपर्यंत सावकाराकडे राबे. त्याची पत्नीही त्याच्यासोबत बांधली जाई. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत आणि ऋणको निरक्षर, त्यामुळे कर्ज आयुष्यभर फिटत नसे. अशा जोडप्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. काम नाकारणाऱ्यास मारहाण होई. स्त्रियांवरील अत्याचारांना दाद नसे.

ही परिस्थिती सरकारला अज्ञात नव्हती. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी व डोंगरी जमातींविषयी सादर केलेल्या अहवालात वेठ, सावकारी व अल्प मजुरी यांची नोंद केली होती. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापन झाले व त्याने शाळा, वसतिगृहे आणि आरोग्यसेवेचे काम सुरू केले. १९४५ च्या अखेरीस समुद्रकाठच्या बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सेवा व शिक्षण यांच्या या प्रवाहाबरोबरच, किंबहुना त्याच्याशी काहीसा वाद घालत, किसान सभेचा हक्कांचा प्रवाह या भागात आला. वेठ आणि कर्ज यांत अडकलेल्या माणसापर्यंत शाळा व दवाखाना पोहोचू शकत नाही, आधी वेठ सुटली पाहिजे, अशी परुळेकर दांपत्याची भूमिका होती.

टिटवाळा ते झरी

महाराष्ट्र किसान सभेची परिषद ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याणजवळील टिटवाळा येथे भरली. तिच्या प्रचारासाठी गोदावरीबाई उंबरगाव भागात गेल्या होत्या. तेथून माह्या धांगडा यांच्यासह काही मोजके वारली परिषदेला आले. आपली गाऱ्हाणी त्यांनी पहिल्यांदाच मोठ्या सभेपुढे मांडली व गावी परतताना त्यांनी लाल बावटा बरोबर नेला.

यानंतरच्या महिन्यांत गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. पांढरपेशा स्त्रीविषयी आदिवासींच्या मनात प्रथम भय होते, कारण गावात येणारा परका माणूस बहुधा सावकाराचा, पोलिसाचा किंवा जंगलखात्याचा असे. त्या त्यांच्याच झोपड्यांत राहिल्या, त्यांच्याबरोबर जे असेल ते खाल्ले व त्यांची बोली ऐकून आत्मसात केली. रात्री शेकोटीभोवती होणाऱ्या गप्पांतून त्यांना वेठीचे तपशील कळत गेले.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासींची सभा झाली. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय कोणाच्या शेतावर जायचे नाही आणि मारहाण सहन करायची नाही, असा निर्धार या सभेत झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच उंबरगाव व डहाणू भागातील बहुतेक गावांत वेठ बंद पडली. सभेहून परतलेले लोक गटागटाने जमीनदारांच्या वाड्यांवर गेले व तेथील लग्नगड्यांना त्यांनी बाहेर आणले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही प्रथा एका पावसाळ्यात कोसळली. त्यासाठी कोणताही नवा कायदा झाला नव्हता. गावोगावच्या लोकांनी एकाच वेळी नकार दिला, एवढेच घडले होते.

तलवाडा गोळीबार

वेठ बंद झाल्यानंतर लढा मजुरीच्या प्रश्नाकडे वळला. या भागातील गवत मुंबईच्या बाजारात जात असे व त्याची कापणी पावसाळा संपताच करावी लागे. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मिळावी, ही मागणी किसान सभेने केली व ऑक्टोबर १९४५ मध्ये कापणीचे काम थांबले. गवत वेळेवर न कापल्यास ते वाया जाते, त्यामुळे या संपाचा परिणाम तात्काळ जाणवला.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोदावरीबाईंची सभा असून त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी बातमी पसरवण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी रातोरात हजारो आदिवासी काठ्या-कोयते घेऊन जमले. प्रत्यक्षात तेथे सभा नव्हती व गोदावरीबाईही नव्हत्या. जमाव हिंसक असल्याचे कारण देऊन पोलिसांनी गोळीबार केला. बाई आल्याशिवाय हलायचे नाही या समजुतीने लोक गोळीबारानंतरही बराच काळ तेथेच बसून राहिले. या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. आपल्या नावाने जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ही गोष्ट गोदावरीबाईंच्या मनाला आयुष्यभर लागून राहिली. १० ऑक्टोबर हा दिवस या भागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

गोळीबारानंतरही संप मोडला नाही. अखेर बऱ्याच ठिकाणी जमीनदारांनी वाढीव मजुरी मान्य केली.

जंगलकामगारांचा संप व जिल्हाबंदी

१९४६ मध्ये चळवळ जंगलातील लाकूडतोडीच्या कामापर्यंत पोहोचली. दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी ही यावेळची प्रमुख मागणी होती. तोपर्यंत प्रांतात बाळासाहेब खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले होते व गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. कम्युनिस्ट नेते अडाणी आदिवासींना हिंसेस चिथावणी देत आहेत, असा सरकारचा आरोप होता. चळवळ मजुरी व माणुसकीच्या वागणुकीपुरती असून हिंसा जमीनदारांच्या हस्तकांकडून होत आहे, असे किसान सभेचे म्हणणे होते. परुळेकर दांपत्यासह प्रमुख कार्यकर्त्यांवर जिल्हाबंदी घालण्यात आली व अनेक आदिवासी कार्यकर्त्यांना अटक झाली. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर भागातील नानिवली येथे झालेल्या गोळीबारात आणखी पाच जण ठार झाले.

नेते जिल्ह्याबाहेर असतानाही गावातील संघटना टिकून राहिली. याच काळात सरकारने जंगल ठेकेदारांना पर्याय म्हणून जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू केली. आदिवासींच्या असंतोषाने या प्रश्नाची निकड वाढवली होती.

संघटनेचे दैनंदिन स्वरूप

किसान सभेचे काम मोर्चे व संप यांपुरते मर्यादित नव्हते. निरक्षर सभासदांना दस्त, सातबारा व नोटिसा वाचून दाखवणे, कूळ म्हणून नोंद करण्यासाठी अर्ज लिहून देणे, तहसील व जंगलखात्याच्या कचेरीत त्यांच्यासोबत जाणे, कोर्टातील खटल्यांसाठी वकील मिळवून देणे ही कामे कार्यकर्ते नित्य करीत. गोदावरीबाईंच्या कायद्याच्या शिक्षणाचा येथे थेट उपयोग झाला. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याचा आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाच्या तरतुदींचा लाभ कागदोपत्री पुरावा नसलेल्या कुळांना मिळवून देणे हे पुढील काळातील मोठे काम ठरले.

गावातील तंटे सोडवण्यासाठीही लोक लाल बावट्याच्या कचेरीत येऊ लागले. नवरा-बायकोतील भांडण, देज म्हणजे वधूमूल्याचा वाद, भुताळी ठरवून एखाद्या बाईचा होणारा छळ, दारूपायी होणारी उधळपट्टी असे विषय सभांतून चर्चिले जात. भुताळीच्या समजुतीविरुद्ध व दारूविरुद्ध गोदावरीबाईंनी सातत्याने बोलून काही अंशी बदल घडवला. चळवळीत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. संप व मोर्चांत त्या पुढे असत.

जव्हार व मोखाडा परिसर

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागातील वेठमुक्तीची बातमी नातेसंबंध, बाजार व मोसमी मजुरी यांच्या वाटेने येथे आधीच पोहोचली होती. विलीनीकरणानंतर किसान सभेचे काम या डोंगराळ पट्ट्यात पसरले.

येथील प्रश्न किनाऱ्याजवळच्या तालुक्यांपेक्षा काहीसे वेगळे होते. गवत व लाकूड यांची मजुरी येथेही महत्त्वाची होती, परंतु मुख्य प्रश्न जंगलजमिनीचा होता. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई पिकवणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत असूनही कागदोपत्री अतिक्रमक ठरत. त्यांचे प्लॉट कायम नावावर करावेत, पीक उभे असताना जंगलखात्याने ते उपटू नये व दंडाच्या नावाखाली होणारी वसुली थांबावी, या मागण्यांसाठी अनेक दशके मोर्चे निघाले. पावसाळ्यात अतिवृष्टी आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई, सुगी संपताच वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर, रेशन व रोजगार हमीची कामे हे या भागातील संघटनेचे इतर विषय राहिले. १९७७ साली डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेले लहानू कोम हे पुढे जव्हार मतदारसंघाचे आमदार झाले. गोदावरीबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या पिढीचे ते प्रतिनिधी होत.

१९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे हा परिसर देशभर चर्चेत आला. वेठ संपली तरी भूक संपली नव्हती, हे या घटनेने गोदावरीबाईंच्या हयातीतच दाखवून दिले.

तुरुंगवास व पक्षकार्य

गोदावरीबाईंनी आयुष्यातील सुमारे आठ वर्षे तुरुंगात काढली. १९५७ साली शामराव परुळेकर ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्र चळवळीत दोघेही सहभागी होते. १ मे १९६० रोजी राज्यांची विभागणी होऊन उंबरगाव भाग गुजरातमध्ये गेला व तलासरी परिसर महाराष्ट्रात राहिला. चळवळीचे जुने क्षेत्र अशा रीतीने दोन राज्यांत विभागले गेले.

१९६४ साली पक्षात फूट पडल्यावर दोघे भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) मध्ये गेले व लवकरच स्थानबद्ध झाले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव यांचे मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्धतेतच हृदयविकाराने निधन झाले. गोदावरीबाईही त्या वेळी स्थानबद्ध होत्या. सुटकेनंतर त्या पुन्हा ठाणे जिल्ह्यातील कामावर परतल्या.

आदिवासी प्रगती मंडळ

१९६० च्या दशकाच्या आरंभी परुळेकर दांपत्य व त्यांचे आदिवासी सहकारी यांनी तलासरी येथे आदिवासी प्रगती मंडळाची स्थापना केली. दूरच्या पाड्यांतील मुलांना प्राथमिक शाळेनंतर पुढे शिकता यावे यासाठी वसतिगृह चालवणे हा त्याचा प्रारंभीचा हेतू होता. चळवळीतून घडलेल्या समाजाला आपले अर्ज, हिशेब व ठराव स्वतः लिहिता आले पाहिजेत, ही त्यामागील गरज होती. पूर्वी सेवेच्या मार्गाविषयी साशंक असलेल्या गोदावरीबाईंनी अशा प्रकारे शिक्षणसंस्था उभारली. मात्र तिचे संचालन आदिवासींच्याच हाती असावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे मंडळाचे काम विस्तारले. तलासरी येथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाला गोदावरीबाईंचे नाव देण्यात आले आहे.

लेखन

‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. १९४५ ते १९४७ या काळातील वारली लढ्याचा हा वृत्तांत आहे. पक्षाचा अहवाल किंवा आत्मचरित्र असे त्याचे स्वरूप नाही. भयाने दबलेला माणूस पहिल्यांदा नकार देतो तेव्हा त्याच्यात होणारा बदल हा पुस्तकाचा विषय आहे. साधी निवेदनशैली, आदिवासी स्त्री-पुरुषांची ठसठशीत व्यक्तिचित्रे आणि स्वतःच्या चुकांची कबुली यांमुळे मराठी साहित्यात त्याला वेगळे स्थान मिळाले. १९७५ मध्ये या लढ्यावरील त्यांचे पुस्तक ‘आदिवासीज रिव्होल्ट’ या नावाने इंग्रजीत आले. तुरुंगातील अनुभवांवर त्यांनी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हे पुस्तक लिहिले.

अखेरची वर्षे व वारसा

१९८६ साली पाटणा येथील अधिवेशनात गोदावरीबाईंची अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदी निवड झाली. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तलवाडा गोळीबाराच्या स्मृतिदिनाला तेव्हा दोन दिवस उरले होते.

त्यांच्या कार्याच्या मूल्यमापनात मतभेद आहेत. चळवळीने वेठ व लग्नगडी प्रथा संपवून मजुरी वाढवली, याविषयी दुमत नाही. परंतु जमिनीच्या मालकीचा प्रश्न ती त्या काळात सोडवू शकली नाही व आदिवासींमधून स्वतंत्र नेतृत्व पुढे येण्यास बराच काळ गेला, अशी टीका काही अभ्यासकांनी केली आहे. वनहक्क मान्यतेचा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००६ साली संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीची मागणी घेऊन ६ ते १२ मार्च २०१८ या काळात नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या किसान सभेच्या मोर्चात आदिवासी शेतकऱ्यांची संख्या मोठी होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या तालुक्यांत किसान सभा आजही कार्यरत असून वनपट्टे, रेशन, पाणी व मजुरी हेच तिचे विषय आहेत.